विषय : डावीकडचा एकच ब्रेक पॅड संपतोय आणि तुमचे लोक दोष माझ्या ड्रायव्हिंगला देतायत

कस्टमर केअर मॅनेजर यांस,

नमस्कार. फोनवर "सर, कंप्लेंट रजिस्टर झालीय" याच्या पुढे गाडी सरकत नाही म्हणून आता लेखी देतोय. मी चिपळूणचा, कामासाठी कुंभार्ली घाटातून कराडला जाणंयेणं चालूच असतं. पुढच्या डाव्या चाकातून घासल्याचा आवाज यायला लागला म्हणून तुमच्या ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरला गाडी दिली, त्यांनी पुढचे पॅड बदलले, बिल लावलं, आणि पावसाळा संपायच्या आत परत तोच आवाज. परत नेली तर ॲडव्हायझर म्हणतो, "साहेब, तुम्ही घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरता, पॅड जाणारच." आणि परत पॅडचं एस्टिमेट हातात, यावेळी सोबत डिस्कपण (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जिला आतून-बाहेरून दोन पॅड चिमटतात).

अहो, घाटात ब्रेक दाबला की पुढच्या दोन्ही चाकांना दाब सारखाच जातो ना? मग गेले तर चारही पॅड जातील. इथे उजवीकडचे दोन्ही ठणठणीत, डावीकडचा बाहेरचा ७-८ मिमी शिल्लक आणि आतला, पिस्टनकडचा (पिस्टन म्हणजे पॅड दाबणारा दट्ट्या), जेमतेम २ मिमी, तोही तिरका झिजलेला, खालच्या टोकाला तर पॅडमागचा पत्रा डिस्कला लागायच्या बेतात. माझा पाय एवढा हुशार आहे का की चारातला एकच पॅड शोधून खातो?

एस्टिमेट नाकारून गाडी गल्लीतल्या मेकॅनिककडे नेली. त्याने चाक उतरवलं, पिस्टन क्लॅम्पने मागे दाबला, तो सरळ आत गेला, म्हणजे पिस्टन जाम नाही की ब्रेक ऑइलची होज (नळी) चोक नाही. मग कॅलिपर (पिस्टन आणि पॅड धरणारा चिमटा) सोडवून, तो ज्यांच्यावर मागेपुढे सरकतो त्या स्लाइड पिना हाताने ओढल्या, वरची सटकन आली, खालची जागची हलेना. पिनवरचं रबर बूट (टोपण) फाटलेलं, आत पाणी जाऊन पिन गंजलेली, पान्याने फिरवत फिरवत काढावी लागली. कॅलिपर सरकलाच नाही तर बाहेरचा पॅड डिस्कवर ओढला जाणार कसा, सगळी झीज आतल्याच्या बोडक्यावर! पिन-बूटची किट घातली, पॅड बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढला, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं (साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं म्हणाला), पॅड नवीन. डिस्क मोजली तर तिच्यावरच कोरलेल्या मिनिमम जाडीपेक्षा बरीच जास्त भरली, म्हणजे तुम्ही माझ्या गळ्यात मारत होतात ती डिस्क लागतच नव्हती.

आता मेन मुद्दा. तुमच्या पहिल्या जॉब कार्डवर "ब्रेक क्लीनिंग अँड ग्रीसिंग, ओके" अशी टिक आहे आणि त्याचे वेगळे पैसे घेतलेत. ग्रीस लावलं असतं तर पिन बाहेर काढावीच लागली असती आणि फाटकं बूट आंधळ्यालाही दिसलं असतं. घाट उतरताना ब्रेक आहे का नाही हा माझ्या घरच्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, तुमच्यासाठी तो चेकलिस्टवरचा एक चौकोन.

तर पहिल्या वेळचे पॅड, लेबर आणि ते न केलेलं ग्रीसिंग, याचे पैसे परत पाहिजेत, आणि काम कुणी तपासलं ते लेखी कळवा. बिलं, फोटो सोबत जोडलेत, जुने पॅड आणि गंजकी पिन माझ्याकडे जपून ठेवलीय. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकतो आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जातो.

आणि हो, तोवर "सर, फीडबॅकला दहापैकी दहा द्या" असा फोन करू नका प्लीज.

आपला ग्राहक
(नाव, गाडी नंबर जॉब कार्डवर आहेच)