विषय: माझ्या जबड्यात कोणता स्क्रू बसवलात ते लेखी कळवा

दिनांक : १५ ऑक्टोबर २०२५
नाशिकरोड

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय

महोदय,

काल तुमच्या हेल्पलाइनला केलेला फोन माझा सहावा होता. सातवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

जून २०२३ मध्ये तुमच्या दातांच्या दवाखान्याच्या गंगापूर रोडच्या शाखेत माझ्या खालच्या जबड्यात उजवीकडे दोन इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात घट्ट बसणारे स्क्रू, बसवले. ऑक्टोबरमध्ये त्यांवर कॅप, म्हणजे वरच्या कृत्रिम दाढा, चढल्या. ८२,००० रुपये मोजले, पावत्या सोबत आहेत. या ऑगस्टपासून मागची कॅप हलते आहे. तुमची शाखा त्याआधीच बंद झालेली, पेशंटला साधा मेसेज नाही. शेवटी बिटको चौकाजवळच्या दातांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक्स-रे काढला. हाडातला स्क्रू पक्का आहे, कॅप ज्या बारीक स्क्रूने त्याला जोडतात तो सैल झालाय. असं होतं म्हणे, आणि आवळायला पंधरा मिनिटं पुरतात. पण कंपनीगणिक तो स्क्रू वेगळा, तो आवळायचा स्क्रूड्रायव्हर वेगळा. अंदाजाने दुसराच ड्रायव्हर लावला तर स्क्रूचं डोकं झिजेल. तसंच हलत राहू दिलं तर स्क्रू आत तुटू शकतो. ‘इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, साइज आणि बॅच नंबर घेऊन या,’ एवढंच त्यांनी सांगितलं.

तेवढंच मी दोन महिने तुमच्याकडे मागते आहे.

कालचा फोन सविस्तर सांगते, कारण असे फोन तुमच्या टेबलापर्यंत पोचत नसावेत. सकाळी अकरा चाळीसला लावला. सतरा मिनिटं तीच धून ऐकली. मग एक मुलगा आला. त्याला पेशंट नंबर दिला, तारखा दिल्या. ‘रेकॉर्ड शाखेत असेल.’ शाखा बंद आहे, म्हटलं. ‘मग ठाण्याला या, नव्याने तपासणी होईल, पाचशे रुपये.’ मला तपासणी नको बाबा, नंबर हवाय. यावर तो थांबला आणि म्हणाला, ‘आजी, तुमचं वय काय?’ एकोणसत्तर. ‘मग आजी, या वयात असं होणारच ना. दोनच तर दाढा आहेत. काढून टाका आणि कवळी करून घ्या. आता किती दिवस वापरायच्यात?’

फोन स्पीकरवर होता. माझी नात शेजारी भाजी निवडत बसली होती. तिचा हात थांबला. मला काय बोलावं सुचेना, आणि मी सहसा गप्प बसणारी बाई नाही. ‘आता किती दिवस वापरायच्यात?’ हे तुमच्या कंपनीच्या नावाने, तुमच्या पगारावर बसलेला माणूस माझ्या घरात बोलला. रात्री जेवतानाही तेच वाक्य कानात होतं. त्या मुलाला नोकरीवरून काढा असं मी म्हणत नाही. त्याला हे बोलायला कोणी शिकवलं, ते शोधा.

कारण २०२३ मध्ये तुम्हीच मला सांगितलं होतं की इम्प्लांटला उतारवयाची अट नसते, तब्येत आणि हाड बघतात. ते खरंही आहे. तुमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनी फार नीट बघितलं, त्यांच्याबद्दल माझी एक अक्षराची तक्रार नाही. रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर ६.८ आली तेव्हाच पुढे गेले. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला गोळी घेता का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, दोनदोनदा विचारलं. स्कॅन काढून हाडाची उंची दाखवली. मागे आधाराला दातच नव्हता, त्यामुळे ब्रिज, म्हणजे दोन्हीकडच्या दातांवर टेकवलेले दात, होत नव्हता. काढ-घाल करायच्या कवळीने हिरडी सोलवटायची, ती मी सहा महिन्यांत डबीत टाकली होती. टायटॅनियमला हाड कसं धरतं ते त्यांनीच समजावलं. स्वीडनमध्ये १९६५ साली ज्याला पहिल्यांदा असे स्क्रू बसवले, तो माणूस २००६ साली वारला तोवर ते टिकले, हेही त्यांनीच सांगितलं. चाळीस वर्षं टिकणारी वस्तू म्हणून विकलीत आणि तिची नोंद अडीच वर्षंही सांभाळली नाहीत.

आणि नोंद नव्हतीच असं म्हणू नका. इम्प्लांटच्या डबीवरचा स्टिकर सिस्टरने सोलून माझ्या केसपेपरवर चिकटवला, दोन डब्या, दोन स्टिकर, माझ्या डोळ्यांदेखत. हा तपशील लिहिलेलं कार्ड मी तेव्हाच मागितलं होतं. ‘कॅप बसल्यावर देऊ,’ म्हणाले. कॅप बसली, कार्ड आलं नाही.

मी एकतीस वर्षं इथल्या सरकारी छापखान्यात, प्रेसमध्ये, तपासणीला होते. मोजणीत एक कागद कमी भरला तर तो सापडेपर्यंत आम्ही जागा सोडत नसू. तुम्ही माणसाच्या हाडात वस्तू बसवता आणि ती कोणाची, कुठल्या बॅचची हे विचारलं की वय विचारता. उद्या त्या बॅचमध्ये दोष निघाला तर मला कळवणार कसं?

दिवाळी तोंडावर आली. घरात चकल्या होतील आणि मी त्या दुधात भिजवून डाव्या बाजूने खाईन. ८२,००० रुपये मी यासाठी दिले नव्हते.

पंधरा दिवसांत दोन्ही इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, साइज, बॅच नंबर, आणि माझ्या केसपेपरची व स्कॅनची प्रत पाठवा. स्क्रू आवळण्याचा इथला खर्च तुम्ही द्यायचा. कालच्या बोलण्याबद्दल लेखी माफी हवी. नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाते. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही, आणि वेळ माझ्याकडे भरपूर आहे.

बिटकोच्या डॉक्टरांनी तोवर उजव्या बाजूने काहीही चावायला मनाई केली आहे. दोन नंबर मिळाले की त्याच दिवशी या म्हणालेत.

आपली,
पेशंट, गंगापूर रोड शाखा (बंद)