म्हापशाच्या दुरुस्तीवाल्या दादांस जाहीर आभार

दादा, स.न.वि.वि.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर.

माझा पाम ऑर्गनायझर, म्हणजे खिशातला छोटा कम्प्युटर, गार्मिनच्या जीपीएसला जोडून त्यावर नकाशा चालवायचा होता, पण डेटा पोचत नव्हता. आधीच्या दोन दुकानांत निकाल एकच होता: ऑर्गनायझरचा पोर्ट (केबल लावायची जागा) गेला, नवा घ्या. तिथे साधा मीटरसुद्धा कुणी लावला नाही.

तुम्ही लावलात. जीपीएसची केबल घेतलीत, काळी पिन 5 वर, लाल 2 वर. काटा सेकंदा-दोन सेकंदांनी थरथरला. ‘डेटा येतोय की,’ एवढंच म्हणालात. खोट तिथेच सापडली. पामची हॉटसिंक केबल (कम्प्युटरशी माहिती जुळवून घ्यायची) काय, गार्मिनची काय, दोन्ही कम्प्युटरला लावायला बनवलेल्या. दोन्हींच्या टोकाला फिमेल (भोकांचे) कनेक्टर, दोन्हींचा डेटा 2 वरून बाहेर पडतो आणि 3 वरून आत जातो. मध्ये नुसतं दोन्हीकडे पिना असलेलं मेल-मेल जोडणं घातलं, जसं आधी एकाने विकलं होतं, तर दोन्हीकडचे 2 एकमेकांना भिडतात आणि 3 कोरडे राहतात. तुम्ही घेतलेत नऊ पिनांचे दोन मेल कनेक्टर, मध्ये 3 तारा, 2 आणि 3 उलट जोडून, बस्स. सोल्डरच्या प्रत्येक डागावर स्लीव्ह चढवलीत, तार चिमटीत धरून ओढून पाहिलीत.

जीपीएसच्या इंटरफेसमध्ये ‘गार्मिन’ होतं, ते ‘एनएमईए’, म्हणजे सगळ्या जीपीएसची सामायिक भाषा, केलंत: 4800 बॉड, 8 डेटा बिट, पॅरिटी नाही, 1 स्टॉप बिट. ‘गार्मिन’वर ठेवलं तर यंत्र आपल्या खास भाषेत 9600 वर बोलतं आणि नकाशाच्या प्रोग्रामला त्यातलं काही कळत नाही. केबलीवरचं हॉटसिंकचं बटण चुकून दाबलं तर पोर्ट हॉटसिंककडे जातो, हेही सांगितलंत. आणि काम झालं की प्रोग्राम बंद करायचा, पोर्ट उघडा राहिला की ऑर्गनायझरचे पेन्सिल सेल बघता बघता उतरतात.

आकडे वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. पणजीत अक्षांशाला 1529.4 दिसलं तर ते 15 अंश 29.4 मिनिटं. 15.294 अंश समजलं आणि रेखांशाचं 07349.6 तसंच 73.496 धरलं, तर पणजी थेट अरबी समुद्रात जाते.

पण मनात घर करून राहिली ती कागदाची पट्टी. कनेक्टरचं हूड, म्हणजे आवरण, बंद करण्याआधी बोटभर कागद कापलात, पेनाने ‘2–3, 3–2, 5–5’ लिहिलंत आणि पारदर्शक टेप लावून आत चिकटवलीत. कशाला, तर ‘पावसाळ्यात पिना हिरव्या पडतात, तार सुटते. उघडणाऱ्याला कळायला हवं.’ तो उघडणारा उद्या दुसऱ्याच दुकानातला असेल, पैसे त्यालाच मिळतील, हे तुम्हाला ठाऊक होतं. न पाहिलेल्या माणसाचं काम सोपं करून ठेवायचं, असा चांगुलपणा मागून मिळत नाही.

हूड अजून उघडावं लागलेलं नाही. पट्टी आत तशीच आहे.

तुमचा ऋणी,
एक गिऱ्हाईक