महाराज, तुम्ही आधी हात धुतले

रामकृष्ण हरी महाराज.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे मला माहीत आहे. नातवाला सांगून ठेवलंय, दुपारचं जेवण झालं की वाचून दाखव म्हणून. त्यानं मधलं काही गाळलं तर कान धरा त्याचा. तुम्ही पखवाज वाजवणारे, तरी सप्ताहात माझ्या डीजेच्या गाण्यांचे ताल धरून दिलेत, त्याबद्दल समोर बसून बोलायला गेलो की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणता आणि विषय तिथंच मिटतो. म्हणून चार लोकांसमोर लिहायलोय.

परवा त्याच गावात हळद वाजवून आलो. गेल्या वर्षी तिथं माझी काय शोभा झाली होती, ते तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. आज पूर्ण सांगतो. मांडवात बायका फेर धरून नाचत होत्या. मी एक रिमिक्स वाजवत होतो, बीपीएम 138, म्हणजे मिनिटाला 138 ठोके. त्यातून मला एका जुन्या हळदीच्या गाण्यावर यायचं होतं, आणि लॅपटॉप त्याही गाण्यापुढं 138च दाखवत होता. म्हणलं, देव पावला. सिंक दाबलं, म्हणजे दोन्हींची चाल यंत्रानंच जुळवायचं बटण, आणि एका गाण्यावरून दुसऱ्यावर न्यायचा फेडर सरकवला. स्क्रीनवर दोन्ही गाण्यांच्या रेघा एकाखाली एक चिकटलेल्या, आणि बॉक्समधून आवाज असा की माळ्यावरून पितळी भांडी घरंगळत खाली आली. एका जूला दोन बैल, एक चालायलाय, एक पळायलाय. बायकांचे पाय जागच्या जागी थांबले. नवरदेवाचा मामा पुढं आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "डीजे, पिलास का काय?"

मी दारूला कधी शिवलेलो नाही महाराज. माळ तुमच्या गळ्यात आहे, माझ्या नाही, तरी नाही शिवलेलो. ठरलेल्यातले दोन हजार कापले त्यांनी. त्याचं काही वाटलं नाही. त्या वाक्याचं मात्र रात्रभर वाटत राहिलं.

मग मी दारोदार फिरलो. शहरातल्या ज्या क्लासला आठ हजार भरून हे शिकलो होतो तिथं आधी गेलो. सरांनी खुर्चीवरून न उठता सांगितलं, "सिंक दाबायचं, स्क्रीन बघायची, सोपं असतंय." स्क्रीन बघूनच तर तोंडावर पडलो होतो! नंतर एका लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडं. त्यानं मला न विचारता सगळं फॉरमॅट करून दिलं. गाणी वेगळ्या हार्ड डिस्कवर होती म्हणून वाचली, पण कुठलं गाणं कुठून उचलायचं याच्या तीन वर्षांच्या खुणा सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये होत्या, त्या गेल्या. "गाणी हायेत ना? मग काय गेलं तुझं?" असं वर. आमच्या धंद्यातल्या एका ज्येष्ठानं तर निकालच दिला, "पब्लिकला काय कळतंय रे, आवाज वाढव." पब्लिकला कळतं. ताल चुकला की दुसरीतलं पोरगंसुद्धा नाचता नाचता थांबतं, कशामुळं ते त्याला सांगता येत नाही एवढंच.

असा मी तुमच्या सप्ताहाला आलो. डीजे म्हणून नाही, साऊंडवाला म्हणून. बॉक्स तेच, वरातीत नाचवणारे. हरिपाठाला त्यातूनच टाळ ऐकू येतात, हे गावाला चालतं. डीजेवाला म्हणून मी पंगतीत बसलो की मात्र शेजारचा जरा सरकून बसतो. असो.

तिसऱ्या दिवशीची दुपार. पंगती उठल्या होत्या, मांडवामागं मी हेडफोन लावून लॅपटॉपशी झटत बसलो होतो. तुम्ही पलीकडं सतरंजीवर पखवाजाच्या डाव्या पुडीसाठी कणीक मळत होतात. "कामून दात खायलास रे बाळा?" तुम्ही विचारलंत. मी वैतागून काहीतरी बोललो, यंत्र खोटा आकडा दाखवायलंय वगैरे. मला वाटलं, म्हातारा मान हलवील आणि आपल्या कामाला लागंल. तुम्ही म्हणालात, "आण इकडं, ऐकव."

मी लॅपटॉप घेऊन आलो तर तुम्ही जागेवर नव्हता. रांजणापाशी होतात. कणीक बोटांच्या बेचक्यात चिकटते, नखात जाते. तुम्ही एक एक बोट चोळून धूत होतात, तांब्यावर तांब्या ओतून घेत. मला घाई, तुम्हाला नाही. मग उपरण्याला हात कोरडे केलेत, येऊन बसलात, आणि लॅपटॉपच्या कडेला दोन बोटं लावून ती कपाळाला लावलीत. पखवाजाला बसताना लावता तशीच. मी बघतच राहिलो. तुम्ही म्हणालात, "वाद्य आहे बाबा तुझं. खरकट्या हातानं कसं शिवू?"

महाराज, त्या लॅपटॉपवर चहा सांडलाय. त्याला आमच्या घरात डबडं म्हणतात. मंडळाच्या पोरांनी त्यावर गुलालाचे हात पुसलेत. क्लासमधल्या सरांनी पेनाच्या टोपणानं त्याची बटणं दाबली होती. सहा वर्षं मी हे काम करतोय. माझ्या पुढ्यात आहे ते वाद्य आहे, म्हणजे मी वाजवणारा आहे, हे त्या दिवसापर्यंत कुणी म्हणलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

पुढं झालं ते खरं तर पाच मिनिटांचं काम. तुम्ही म्हणालात, "ते चित्र तिकडं फिरव." मी स्क्रीन फिरवली. तुम्ही डोळे मिटून एक कडवं ऐकलंत, मांडीवर टाळी धरलीत. "अरे, हा दादरा, तीन-तीनचा. तुझं यंत्र ह्याला चार-चारच्या केरव्यात बसवायलंय." मग मला घड्याळ धरायला लावून पूर्ण एक मिनिट टाळ्या मोजल्यात. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू म्हणलं तर ऐकलं नाहीत, "एक टाळी चुकली की चाराची चूक होते रे." टाळ्या भरल्या 92. लॅपटॉप म्हणत होता 138. मी म्हणलं, कुठं 92 नि कुठं 138! तुम्ही बोटांवर हिशेब केलात. एका टाळीत तीन छोटे ठोके. 92 ची तिप्पट 276. यंत्रानं तेच ठोके तीन-तीनचे न धरता दोन-दोनचे धरले, 276 चे निम्मे 138. ठोके सगळे बरोबर मोजलेत त्यानं, फक्त घास चुकीचा केलाय.

घास! आठ हजारांच्या क्लासमध्ये हा शब्द नव्हता. सॉफ्टवेअर 70 च्या गाण्याला 140 म्हणतं, 170 च्याला 85 म्हणतं, हे आम्हाला ठाऊक असतं, दुपटी-निमपटीची बटणंच असतात त्यासाठी. पण दीडपट चुकतं, आणि चुकतं ते आपल्याच दादऱ्याच्या गाण्यांवर, कारण ते सगळ्या जगाला चारात मोजायला बसलंय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात बाजारातून घेतलेल्या पेन ड्राईव्हमधल्या गाण्यांच्या पोटात, टॅगमध्ये, कुणीतरी आधीच चुकीचा आकडा लिहून ठेवलेला. कुणी लिहिला, देव जाणे. मी तो वेदवाक्य समजून चाललो होतो.

त्यानंतर सप्ताह संपेपर्यंत रोज दुपारी, पंगत उठल्यापासून हरिपाठापर्यंत, आपण बसलो. तुमची झोपायची वेळ ती. पहाटे काकड्याला उभं राहायचं, रात्री कीर्तनात दोन तास पखवाज, आणि मधल्या वेळेला डीजेची गाणी! काही गाण्यांचे शब्द असे होते की मलाच घाम फुटला. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "शब्द तू ऐक, मी ताल धरतो." एक झकपक रिमिक्स संपल्यावर म्हणालात, "ह्याच्या ढोलकीवाल्याला बिदागी मिळालेली दिसत नाही." मी हसून मेलो.

सप्ताहाच्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही यादी केलीत. बीपीएम तुम्हाला लिहायचा नव्हता. गाण्याचं नाव, पुढं "दा" नाहीतर "के", आणि आकडा. दीडशेच्या वर गाणी झाली, तीन पत्रिका भरल्या. एका गाण्यापुढं "ठेका सुटला आहे" असं लिहिलंय, आणि ते गाणं मी चार वर्षं वाजवत होतो.

जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांवर आपलं जरा वाजलं होतं, आठवतं? मी म्हणत होतो, एकदा आकडा बसवला की गाणं शेवटपर्यंत बसलंच पाहिजे. मुखड्याला 104 बसायचं आणि तिसऱ्या अंतऱ्याला सगळं पुढं पळालेलं असायचं. मी परत परत आकडा बदलत होतो. तुम्ही चिडलात, पहिल्यांदाच. "अरे, हे माणसानं वाजवलंय. गाणारी रंगात आली तर ढोलकीवाला पुढं सरकणार नाही तर काय करंल? खुंटीला बांधतोस का त्याला?" त्या गाण्यांना मी आता एक आकडा देत नाही. मुखडा, अंतरा, जिथं जिथं चाल सरकते तिथं तिथं ग्रिडला, म्हणजे स्क्रीनवरच्या ठोक्यांच्या रेघांना, नवी खूण देतो. काहींना तर सिंक लावतच नाही, कानानं जोडतो. मशीनवर केलेल्या गाण्यांचं उलटं. तिथं 128 च्या जागी 127.5 पडलं तर सुरुवातीला काही कळतही नाही, आणि मिनिटभरात अर्ध्या ठोक्याचा फरक पडतो, म्हणजे याच्या दोन थापांच्या बरोब्बर मधोमध त्याची थाप. आता मी 64 ठोके मोजतो. ते अर्ध्या मिनिटात बसले की 128 पक्के.

उरलेली गाणी मी घरी एकट्यानं केली. रोज रात्री वीस-पंचवीस. बायको म्हणायची, मांडीवर काय बडवून घेता सारखं! दुरुस्त केलेला डेटाबेस आता दोन ठिकाणी ठेवतो आणि फाईलींचं परत विश्लेषण करू का म्हणून सॉफ्टवेअरनं विचारलं की नाही म्हणतो, नाहीतर तुमचे 92 पुसून ते पुन्हा 138 लिहील. निर्लज्ज असतं ते.

तुम्ही माझ्याकडून पैसे घेतले नाहीत हे लोकांना सांगितलं की लोक तेच धरून बसतात, "बघा, फुकट केलं." फुकट करणारे मला खूप भेटलेत. फुकट सल्ले तर आमच्या धंद्यात ट्रॉलीनं मिळतात. तुम्ही माझी वस्तू हातात घ्यायच्या आधी हात धुतलेत, त्याचं मोल मला जास्त आहे. तेव्हापासून मला माणसांमध्ये हेच दिसायला लागलंय. आमच्या गल्लीतला शिलाई मशीन दुरुस्त करणारा आधी मशीनवरचा बाईचा अर्धवट शिवलेला झंपर घडी घालून बाजूला ठेवतो, मग पान्याला हात घालतो. तालुक्याच्या दवाखान्यात एक कंपाऊंडर आहे, सुई टोचायच्या आधी म्हाताऱ्यांची बाही स्वतः हळूच वर करतो. अशी माणसं मोठं काही बोलत नाहीत. त्यांच्याकडून आल्यावर पाठ जरा ताठ झालेली असते आपली.

तुम्ही सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी एकच अट घातली होती, "आवाज बेतानं ठेव, गावात म्हातारी माणसं आहेत." पाळतोय महाराज. रात्री दहाला कायद्यानं बंद करावंच लागतं, पण त्याच्या आधीही बॉक्सचं तोंड घरांकडं ठेवत नाही. मंडळाची पोरं कुरकुर करतात. ताल नीट बसला की आवाज कमी चालतो, हे त्यांना अजून पटलेलं नाही. मलाही आत्ताच पटलंय.

तर परवाची हळद. मुद्दाम तेच गाणं काढलं. आत धडधडत होतं, खोटं कशाला बोलू. आधीचं गाणं दादऱ्याचंच घेतलं होतं, 94 चं. ते 92 वर आणलं, स्क्रीन थोडी तिकडं फिरवली, मांडीवर टाळी धरली आणि सोडलं. फेर तुटला नाही. एक आजीबाई कडेला खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांची मान डुलायला लागली आणि दोन कडव्यांनी त्या उठून फेरात शिरल्या. तोच मामा थोड्या वेळानं माझ्याकडं आला. मी म्हणलं, आता हा काय बोलतोय. त्यानं चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवला, मग लॅपटॉपकडं बघून परत उचलला आणि हातात दिला, "त्याच्यावर सांडंल," म्हणाला.

मला तुमचीच आठवण आली.

आता आषाढी जवळ आली. तुम्ही दिंडीत निघाल, महिनाभर गाठ पडायची नाही. पत्रिका तिन्ही माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहेत, घडीवर फाटायला आल्यात म्हणून मागून सेलोटेप लावलाय. तिसऱ्या पत्रिकेवर शेवटच्या ओळीत एका गाण्याचं नाव आहे. त्याच्यापुढं "दा" नाही, "के" नाही, आकडाही नाही. हरिपाठाचे टाळ वाजायला लागले होते म्हणून तुम्ही घाईत नुसतं "नंतर" लिहून उठलात. ते गाणं मी अजून मोजलेलं नाही. पंढरपूरहून आलात की लॅपटॉप घेऊन येतो.

तुमचा,
मांडवामागचा साऊंडवाला
ता. गंगाखेड, जि. परभणी