पुनर्वसन समितीत विस्थापितांच्या संघटनेला हक्काची जागा द्या

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रीमहोदय, सविनय नमस्कार.

मी औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात राहते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात आमचं जुनं गाव गेलं. अशी 52 गावं शासनाने नव्या जागी वसवून दिली, ते आम्ही विसरलेलो नाही. पण 2025 च्या सप्टेंबरात पुराने मराठवाड्यातली घरं-शेतं खरवडून नेली, तेव्हा पुन्हा तेच पाहिलं. पंचनामे झाले, याद्या झाल्या, किटं वाटली गेली. ज्यांचा संसार वाहून गेला त्यांच्या वाट्याला मात्र फक्त रांग आली.

आमच्या नव्या गावात घरं मिळाली ती जमिनीच्या हिशेबाने: 250, 400 किंवा 750 चौरस फूट. रस्ते सरळ आणि रुंद. पण जुनी गल्ली मोडली, भावकी पांगली आणि रान लांब पडलं. गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, दुपारी चार बायांनी कुठे टेकायचं? आमच्यातल्या कुठल्याही म्हातारीने हे उभ्या उभ्या सांगितलं असतं.

त्याच भूकंपानंतर याच्या अगदी उलटंही घडलं. सुमारे 1,300 गावांत घरदुरुस्तीचा कार्यक्रम राबवला गेला, तेव्हा गावोगावच्या बायांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. माळवदावरचा मातीचा थर कमी करा, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवा, हे त्या घरोघरी जाऊन सांगायच्या. दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर कोसळूनच आमची माणसं गेली होती. त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकणाऱ्याला लगेच पटायचं, कारण सांगणारीनेही ती पहाट पाहिलेली असायची. पुढे 2001 मध्ये भूकंपाने कच्छ उद्ध्वस्त झालं, तेव्हा आमच्या भागातल्या बाया तिकडे मदतीला गेल्या. भाषा वेगळी, मुलूख वेगळा, पण घर गेलेल्या बाईशी काय बोलायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

हे आमचंच वैशिष्ट्य आहे असं नाही. युगांडाच्या कंपाला शहरात काँगोहून आलेल्या निर्वासित तरुणांनी 2007 मध्ये स्वतःची संस्था काढली, आणि 2020 च्या टाळेबंदीत तिथल्या निर्वासितांच्या संस्थांनी आपल्या लोकांपर्यंत धान्य पोहोचवलं. आपल्याकडेही 1947-48 मध्ये रझाकारांच्या जाचाने माणसं निजामाची हद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे गेली. सरहद्दीवरचे मुक्तिलढ्याचे कॅम्प चालवणारे कार्यकर्ते स्वतःच घरदार सोडून आलेले होते.

आता कायद्याचं. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार 100 एकर किंवा त्याहून जास्त जमीन घेतली जाते, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली पुनर्वसन समिती नेमावी लागते. तिच्यात महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी असतात. विस्थापितांच्या स्वतःच्या संघटनेला मात्र त्यात वेगळं स्थान नाही. पूर-भूकंपाने उठलेली गावं तर या कायद्यात बसतच नाहीत.

गावच्या लोकांना हिशेब जमत नाही, असं आपले अधिकारी म्हणतील. साहेब, मराठवाड्यातले बचत गट वर्षानुवर्षं बँकेची कर्जं घेऊन फेडताहेत. गावातला वजनदार माणूस संघटना ताब्यात घेईल, ही भीती मात्र मला खरी वाटते. म्हणून निम्म्या जागा बायांना द्या, आणि भूमिहीन व भटक्या-विमुक्तांना नाव घेऊन बसवा. ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांचं नुकसान पंचनाम्यातून सर्वात आधी गळतं.

माझं मागणं एवढंच आहे. धरण असो, पूर असो की भूकंप, गाव उठलं की तिथल्या लोकांच्या संघटनेला समितीत मतासह जागा मिळावी. लाभार्थ्यांची यादी आधी ग्रामसभेत वाचली जावी आणि मगच तहसीलमध्ये जावी. नव्या गावठाणाचा आराखडा या संघटनेच्या सहीशिवाय मंजूर होऊ नये. आणि तिला कामासाठी थोडा का होईना, थेट निधी मिळावा. दुसऱ्या कुठल्या संस्थेच्या हातून नको. पुढच्या पावसाळ्याआधी असा शासन निर्णय काढावा, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक भूकंपग्रस्त गावकरी,
ता. औसा, जि. लातूर