नेटवर्किंगची परीक्षा आणि न होणारा सराव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या करिअर पुरवणीत नेटवर्किंगच्या सर्टिफिकेशनवर अधूनमधून लेख येतात, ते मी आवर्जून वाचतो कारण माझं कामच हे शिकवायचं आहे. पण दर वेळी त्यात कुठली परीक्षा द्यावी, फी किती, पुढे नोकरी कसली मिळते एवढंच असतं. ट्रबलशूटिंगची, म्हणजे नेटवर्कमधला बिघाड शोधून दुरुस्त करण्याची, तयारी कशी करायची यावर अवाक्षर नसतं, आणि मुलं नेमकी तिथेच अडकतात म्हणून हे पत्र.

कॉम्पटिया या संस्थेच्या नेटवर्क प्लस परीक्षेचा सध्याचा सिलॅबस बघा, एन१०-००९, २०२४ मध्ये आलेला. त्यातल्या पाच विभागांत सगळ्यात मोठा ट्रबलशूटिंगचाच आहे, २४ टक्के. सिस्को कंपनीच्या सीसीएनए परीक्षेत असा वेगळा विभाग नाही, पण इंटरफेसवरचे (केबल जोडायच्या पोर्टवरचे) एरर, कोलिजन (डेटाची टक्कर), न जुळणारा डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पाठवायचं की आळीपाळीने, ही सेटिंग) किंवा स्पीड ओळखता यायला हवा असं सिलॅबसमध्ये स्पष्ट लिहिलंय. सिस्कोच्याच वरच्या पातळीच्या जुन्या सीसीएनपीला तर टीशूट नावाचा अख्खा पेपरच होता, तो फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झाला तरी विषय काही गेला नाही, बाकीच्या पेपरांत मिसळला.

आता मुलं तयारी कशी करतात बघा. नेटवर्कच्या ओएसआय मॉडेलचे सात लेयर पाठ, डीएनएस (नावावरून ॲड्रेस शोधणारी सेवा) पोर्ट ५३, डीएचसीपी (मशीनला आपोआप ॲड्रेस देणारी सेवा) पोर्ट ६७-६८ पाठ, ट्रबलशूटिंगच्या सात पायऱ्यासुद्धा पाठ, वरून कुठूनतरी मिळालेले डम्प, म्हणजे परीक्षेतून फुटलेले प्रश्न. लॅब म्हणाल तर पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचं आभासी नेटवर्क बनवायचं सॉफ्टवेअर उघडायचं, व्हिडिओत दाखवतात तशा कमांड टाइप करायच्या, पिंग लागला (समोरच्या मशीनकडून उत्तर आलं) की सेव्ह करून पुढची लॅब. नीट चालणाऱ्या नेटवर्कमधून बिघाड कसा दिसतो ते कळणार कुठून? म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, पिंग लागला ना, मग लॅब आता सुरू झाली, यातली एक गोष्ट मुद्दाम बिघडव आणि कमांड मारायच्या आधी आता काय दिसेल ते वहीत लिही.

एक उदाहरण देतो. एका स्विचवर दोन पीसी, १९२.१६८.१०.२० आणि १९२.१६८.१०.१४०, गेटवे (बाहेर जायची वाट, म्हणजे राउटर) १९२.१६८.१०.१, सगळीकडे मास्क (आपलं नेटवर्क कुठवर हे ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. आता फक्त पहिल्या पीसीचा मास्क २५५.२५५.२५५.१२८ करा आणि तिथून दुसऱ्याला पिंग करा. बहुतेक मुलं लिहितात की पिंग लागणार नाही. पण लागतो! कारण पहिल्या पीसीच्या हिशोबाने १४० हा परक्या नेटवर्कातला, म्हणून तो पॅकेट गेटवेकडे देतो, राउटर ते त्याच इंटरफेसमधून परत बाहेर काढून दुसऱ्या पीसीला देतो आणि दुसऱ्याचा मास्क बरोबर असल्यामुळे तो थेट उत्तर देतो. पॅकेटची वाट दाखवणारी ट्रेसरूट कमांड मारा, एकाच स्विचवरच्या मशीनसाठी पहिला हॉप (टप्पा) म्हणून गेटवे दिसेल. मग राउटरचा तो इंटरफेस शटडाऊन करा, की शेजारच्या पीसीचा पिंगही बंद. आता परीक्षेत प्रश्न आला की ‘गेटवे डाउन झाल्यावर एकाच लॅनमधल्या दोन मशीन एकमेकांशी का बोलत नाहीत’ तर ज्याने हे हाताने केलंय त्याचं लक्ष लगेच मास्ककडे जातं, बाकीचे केबल आणि व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कांत) फिरत बसतात.

डुप्लेक्सचंही तसंच. एका बाजूला फुल, दुसऱ्या बाजूला हाफ, लिंक अप, पिंगही लागतो, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की रडत रडत जाते. शो इंटरफेसेस ही कमांड मारून आकडे वाचता आले पाहिजेत, हाफ बाजूला लेट कोलिजन (उशिरा होणारी टक्कर) वाढतायत, फुल बाजूला सीआरसी एरर (खराब होऊन आलेला डेटा). हे वाक्य पाठ करणारे पुष्कळ असतात, पण समोर वीस ओळींचं आउटपुट आलं की त्यातली नेमकी ओळ त्यांना सापडत नाही, कारण ते आउटपुट त्यांनी कधी निवांत वाचलेलंच नसतं. पीसीला १६९.२५४ ने सुरू होणारा ॲड्रेस दिसला म्हणजे डीएचसीपीकडून काही मिळालेलं नाही, तरी मुलं डीएनएस तपासायला धावतात, परीक्षेत अशीच मिनिटं जातात.

वरवर दिसतं ते एक आणि कारण दुसरंच, हे मोठ्यांच्याही वाट्याला येतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम साधारण सहा तास बंद होतं. बाहेरून बघणाऱ्याला नावंच रिझॉल्व्ह होत नाहीत असं दिसत होतं, म्हणजे डीएनएसचा बिघाड वाटावा. मुळात मेंटेनन्सच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांचं बॅकबोन (डेटा सेंटर जोडणारं मुख्य नेटवर्क) तुटलं, डेटा सेंटरशी संपर्क गेला म्हणून डीएनएस सर्व्हरांनी आपले बीजीपी रूट (आपल्यापर्यंत यायची वाट इंटरनेटला सांगणाऱ्या घोषणा) मागे घेतले आणि सर्व्हर चालू असून कोणी तिथवर पोचू शकेना. लक्षणापासून कारणापर्यंत एकेक पायरी मागे कसं जायचं हे शिकवायला मी ही घटना नेहमी घेतो.

तर संपादकसाहेब, माझी विनंती अशी आहे की पुरवणीत शब्दकोडं छापता तसं आठवड्याला एक बिघाड छापा. छोटी आकृती, युजरची तक्रार एका ओळीत, दोन-तीन कमांडचं आउटपुट, आणि प्रश्न एकच, पुढची कुठली कमांड माराल आणि का. उत्तर पुढच्या आठवड्यात द्या, पण नुसतं बरोबर उत्तर नको, बाकीच्या शक्यता कशा गळाल्या तेही छापा, खरं शिक्षण त्यातच होतं. सुरुवात साध्या बिघाडांनी करा, चुकलेला गेटवे, शटडाऊन राहिलेला इंटरफेस, ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या लिंकवर) परवानगी न दिलेला व्हीलॅन, आणि मग हळूहळू ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलचे न जुळणारे हॅलो टायमर वगैरे. पहिले काही बिघाड आकृतीसकट तयार करून द्यायला मी तयार आहे, मानधन नको. पुरवणीत अर्धा कॉलम मिळणार असेल तर कळवा.

आपला,
नेटवर्किंग शिकवणारा एक वाचक