चासी क्रमांक आधी, टोकन नंतर

महोदय,

व्हिंटेज मोटारींच्या मेळाव्यांची छायाचित्रे आपल्या दैनिकात आवर्जून येतात आणि ती पाहून अनेक तरुण जुनी गाडी घेण्याच्या चौकशीला लागतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मी पुण्यात बरीच वर्षे जुन्या मोटारींच्या दुरुस्तीत रमलो आहे, त्यामुळे गाडी घेण्यापूर्वी ती दाखवायला लोक मला सोबत नेतात. जवळपास प्रत्येक वेळी घेणाऱ्याचे लक्ष रंगाकडे, क्रोमकडे आणि इंजिनाच्या आवाजाकडे असते. आरसी बुक मात्र टोकन देऊन झाल्यावर मागितले जाते. हा क्रम उलटा हवा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने एक फोक्सवॅगन बीटल पसंत केली आणि मला कळवण्याआधीच आगाऊ रक्कम देऊन टाकली. आरसी बुकात उत्पादनाचे वर्ष 1964 होते आणि पुढच्या डिकीत रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवरचा चासी क्रमांक, म्हणजे कंपनीने गाडीला दिलेला ओळख क्रमांक, बुकातल्या क्रमांकाशी तंतोतंत जुळत होता. विक्रेत्याच्या मते तपासणी तिथेच संपली होती. परंतु पट्टी काढता येते आणि दुसरीकडे लावताही येते. बीटलचा खरा क्रमांक मागच्या सीटखाली, गाडीच्या मधोमध जाणाऱ्या उंचवट्यावर, पत्र्यातच पंच केलेला असतो. आम्ही सीट उचलली, तेव्हा नेमक्या त्याच जागी काळ्या रंगाचा ताजा थर फासलेला दिसला. तो खरवडल्यावर जो क्रमांक उघडा पडला, त्याची सुरुवात 118 ने होत होती. या कंपनीने 1965 च्या मॉडेलपासून नऊ अंकी क्रमांक सुरू केले आणि त्यातला तिसरा अंक मॉडेलचे वर्ष दाखवतो, म्हणजे आमच्यासमोर उभी असलेली गाडी 1968 च्या मॉडेलची होती. कागद एका गाडीचे आणि गाडी दुसरीच. भंगारात गेलेल्या गाडीची पट्टी व पुस्तक जपून ठेवायचे आणि कागद नसलेल्या गाडीला ते चढवायचे, असा हा प्रकार आहे. ती गाडी मुळात कोणाची, तिचा कर भरला होता का, ती कधी चोरीला गेली होती का, यातले काहीच मग कळू शकत नाही. भाच्याची रक्कम परत मिळायला चार महिने लागले.

हे उदाहरण बीटलचे आहे, पण प्रत्येक कंपनीची रीत निराळी असल्यामुळे ज्या गाडीचा विचार चालू आहे तिचा क्रमांक कुठे आणि कसा असतो, हे आधी अभ्यासून जावे लागते. आज परिचित असलेली सतरा अक्षरी क्रमांकांची पद्धत 1981 च्या सुमारास रूढ झाली. त्याआधीच्या गाड्यांना ती लावून पाहण्यात अर्थ नाही. फोर्डच्या मॉडेल ए गाडीचा क्रमांक इंजिनावर असतो आणि तोच चासीच्या डाव्या दांड्यावर, बॉडीखाली झाकला जाईल अशा जागी ठोकलेला असतो. म्हणून इंजिन कधीतरी बदललेले असेल, तर न जुळणारा क्रमांक हा लबाडीचाच पुरावा ठरेल असे नाही. आपल्याकडे तर सुटे भाग मिळेनात म्हणून कितीतरी मोठ्या अमेरिकन गाड्यांमध्ये मॅटाडोर व्हॅनचे डिझेल इंजिन बसवले गेले. अशा वेळी इंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकात आहे की नाही, हे पाहायचे. मॉरिस, ऑस्टिन, एमजी या ब्रिटिश गाड्यांसाठी इंग्लंडमधील गेडन येथील मोटार संग्रहालय मूळ उत्पादन नोंदींवरून प्रमाणपत्र देते; चासी व इंजिनाचा क्रमांक, मूळ रंग आणि गाडी कुठे रवाना झाली, ही माहिती त्यात मिळते. त्याचे शुल्क गाडीच्या किमतीपुढे नगण्य आहे.

मालकीच्या कागदांबाबत मला सर्वांत घातक वाटते ती मालकी हस्तांतरासाठीच्या फॉर्म 29 आणि 30 वर नुसत्या सह्या घेऊन, बाकी ते कोरे ठेवून गाडी हातोहात फिरवण्याची सवय. पुस्तकावर नाव पहिल्याचे, ताबा चौथ्याचा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे की, अपघाताच्या भरपाईसाठी ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे त्यालाच मालक धरले जाईल. जुन्या गाडीचे नोंदणीकृत मालक पुष्कळदा हयातच नसतात. कायद्याप्रमाणे वारसाने तीन महिन्यांत अर्ज करून गाडी नावावर करून घ्यायची असते. प्रत्यक्षात ती वाड्याच्या पडवीत वीस वर्षे पडून राहते आणि एखादा नातू परस्पर ती विकतो. सर्व वारसांची संमती आणि वारसाच्या नावावर झालेली नोंद पाहिल्याशिवाय असा व्यवहार करू नये. परदेशातून आलेल्या गाडीसाठी सीमाशुल्क भरल्याचा बिल ऑफ एंट्री हवाच.

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि व्हीए अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे, अशी त्यात अट आहे, त्यामुळे दुसऱ्या गाडीच्या कागदांवर उभी केलेली गाडी या नोंदणीच्या वेळी अडचणीत येणारच, आणि तोवर पैसे विक्रेत्याच्या हाती गेलेले असतात.

परिवहन विभागाला माझी विनंती आहे. एमएच ही अक्षरे येण्यापूर्वीच्या अनेक गाड्यांच्या नोंदी अजून ऑनलाइन आलेल्या नाहीत. त्या जाड नोंदवह्यांत आहेत आणि काही वह्यांची पाने हात लावताच तुटतात. या वह्या आधी स्कॅन करून घ्याव्यात. त्यानंतर, मालकाने अर्ज केल्यास नोंदवहीतला प्रमाणित उतारा, म्हणजे चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, आजवरचे मालक आणि कर्जाचा बोजा एवढी माहिती, ठरावीक शुल्क घेऊन पंधरा दिवसांत मिळण्याची सोय करावी. असा उतारा आणि सीटखालचा क्रमांक शेजारी शेजारी ठेवून पाहता आला असता, तर माझ्या भाच्याचा व्यवहार पहिल्याच दिवशी थांबला असता.

आपला,
एक वाचक, पुणे