पिवळा रंग भिंतीवर ‘बसत’ का नाही?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत आपल्या जिल्ह्यातील अनेक शाळांच्या भिंतींवर चित्रे काढून घेतली जातात आणि त्या कामात एक तक्रार हमखास ऐकू येते : बाकीचे रंग दोन हातांत बसतात, पिवळा मात्र चार हात दिले तरी खालची भिंत दाखवतो. निळ्या आकाशावर काढलेला सूर्य हिरवट पडतो, हरिपूरच्या पेवांचे, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीखालच्या खड्ड्यांचे, चित्र असेल तर त्यातील हळदीचा ढीग पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो, आणि दोष कधी पेंटरच्या हाताला, तर कधी ‘डुप्लिकेट’ रंगाला दिला जातो. पेंटर आणि दुकानदार या दोघांवरही यात बहुतेक वेळा अन्याय होतो, म्हणून हे पत्र.

पिवळे रंगद्रव्य प्रकाशातील निळा भाग तेवढा शोषून घेते; तांबडा आणि हिरवा भाग सुटतो आणि ते दोन्ही एकत्र डोळ्यांत शिरले की आपल्याला पिवळे दिसते. रंगाचा थर पारदर्शक असेल तर हा सुटलेला प्रकाश खालच्या पृष्ठभागापर्यंत जाऊन परत येतो. खाली पांढरे असेल तर तो जवळजवळ पुरता परततो. खाली निळे असेल तर तांबडा भाग तिथेच गिळला जातो आणि हिरवा तेवढा वर येतो. सूर्य हिरवट पडतो तो यामुळे. आता थर पारदर्शक का, तर रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारे ॲक्रिलिक यांच्या वक्रीभवनांकांत, म्हणजे प्रकाश पदार्थात शिरताना किती वळतो हे सांगणाऱ्या अंकांत, जितके अंतर जास्त, तितका रंग अधिक झाकतो. पांढऱ्या रंगातील टिटॅनियम डायॉक्साइडचा अंक सुमारे २.७ आणि ॲक्रिलिकचा सुमारे १.५ असल्याने पांढरा उत्तम झाकतो. आजच्या झगझगीत पिवळ्यांत मात्र बहुधा हन्सा जातीची सेंद्रिय द्रव्ये असतात, ज्यांचा अंक ॲक्रिलिकच्या बराच जवळचा आहे.

जुने पेंटर सांगतात की पूर्वीचा पिवळा ऑइलपेंट एका हातात बसायचा. ते खरे आहे, पण तो शिशाच्या क्रोमेटचा, म्हणजे त्यातील शिसेयुक्त पिवळ्या द्रव्याचा, गुण होता. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० इतकी खाली आणली, आणि जिथे मुले दिवसभर भिंतीला टेकून बसतात तिथे ते योग्यच झाले. कॅडमियमचा पिवळाही चांगला झाकतो. तो महाग आहे आणि विषारीही, त्यामुळे शाळेच्या कामात त्याचा विचारच नको. ट्यूबवर कॅडमियमच्या नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेले असेल तर आत कॅडमियम नसते, केवळ त्याच्यासारखी छटा असते, आणि असा रंग पुष्कळदा पारदर्शकच निघतो.

उपाय साधा आहे. आकृतीचा जेवढा भाग पिवळा करायचा, तेवढ्याच भागावर आधी पांढऱ्याचे अस्तर द्यावे, आणि त्या पांढऱ्यात थेंबभर पिवळा मिसळावा, म्हणजे वरचा हात कुठे विरळ पडला तरी पांढरे डाग उठून दिसत नाहीत. अस्तर पूर्ण वाळल्यावर पिवळ्याचे दोन पातळ हात, पहिला आडवा आणि दुसरा उभा, रुंद मऊ ब्रशने द्यावेत. थर पातळ म्हणजे रंगात पाणी जास्त असे नव्हे. पाणी वाढले की द्रव्य विरळ होते आणि पकडही कमी होते. अर्धवट वाळलेल्या थरावर पुन्हा ब्रश फिरवण्याचा मोह सर्वांत घातक, कारण खालचा थर उचलला जाऊन ओरखडे पडतात आणि ते लपवायला आणखी एक हात लागतो. पिवळ्यातच भरपूर पांढरा मिसळण्याचा मार्ग अनेकजण पत्करतात. रंग झाकतो खरा, पण ताकासारखा फिका पडतो. त्यापेक्षा थोडा यलो ऑकर मिसळावा. ऑकरचे लोहयुक्त द्रव्य चांगले झाकते, उन्हातही टिकते, आणि हळदीच्या ढिगाला किंवा भंडाऱ्याला त्याचा किंचित मातकटपणा शोभूनच दिसतो. ओलीची किंवा हाताला चुना लागणारी भिंत असेल तर यातले काहीच टिकणार नाही, आधी भिंत दुरुस्त करावी.

मोठ्या भिंतींसाठी दुकानात मशिनवर रंग बनवून घेतला जातो, तिथली एक गोष्ट ग्राहकाला सहसा सांगितली जात नाही. गडद, तजेलदार पिवळा ज्या बेसमध्ये, म्हणजे छटा मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, बनतो त्यात पांढरे द्रव्य फार कमी असते, नाहीतर छटा फिकी होईल. म्हणून नामांकित कंपनीचा, महागातला डबा घेतला तरी तो पिवळा फिक्या क्रीमइतका झाकणार नाही. डब्यावर लिहिलेले चौरस फुटांचे आकडे पाहून या शेडचा हिशेब करू नये.

शाळा व्यवस्थापन समित्यांना आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती अशी की, चित्रांच्या कामाचे अंदाजपत्रक करताना पिवळ्या, नारिंगी भागांखालचे पांढरे अस्तर ही वेगळी बाब म्हणून लिहावी आणि पेंटरला त्याची मजुरी द्यावी. एरवी तो हात वगळला जातो आणि त्याची किंमत महागड्या पिवळ्याच्या जादा डब्यांत मोजावी लागते. रंग बनवणाऱ्या कंपन्यांनीही चित्रकारांच्या अनेक ट्यूबांवर असते तशी पारदर्शकतेची खूण, म्हणजे रिकामा, अर्धा भरलेला किंवा पूर्ण भरलेला चौकोन, विद्यार्थ्यांसाठीच्या लहान बाटल्यांवर आणि भिंतीच्या रंगाच्या डब्यांवरही ठळकपणे छापावी.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
विश्रामबाग, सांगली